रापणीतला वाटा

माझ्या अंगावर तरुणपणी तेरा-चौदा किलो वजन चढलं. मालवणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, वाळूला लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. त्या तेरा-चौदा किलोंचे तसे वाटे पाडले तर माझ्या स्वतःच्या नावावर फार थोडं उरेल. बाकीचं ज्यांच्या नावावर जाईल त्यांतली काही माणसं आता नाहीत, आणि जी आहेत ती आभार मानू देत नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं घर धुरीवाड्यात. वडील, काका, आत्येभाऊ सगळेच शेलाटे. माझी उंची पाच फूट आठ इंच आणि बाविसाव्या वर्षी वजन 51 किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की जो आकडा येतो, तो 18.5च्या खाली असला तर माणूस कमी वजनाचा धरतात. माझा 17च्या आसपास होता. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा घोळत होता, 79. पोलीस भरतीला पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान 79 सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर आणखी 5 सेंटिमीटर वाढावी लागते. माझ्याभोवती फीत फिरली, आणि मला बाजूला उभं राहायला सांगितलं. धावण्यात माझा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं, पण धावायची पाळी आलीच नाही.

बारीक पोराला लोक 'पाप्याचं पितर' म्हणतात, ते मी मनावर घेत नसे. मला लागायचं ते आईला विचारलेलं. लग्नाकार्यात कुणी हसत हसत म्हणायचं, "काय गे, झिलाक जेवूक घालतंस मा?" त्या रात्री ती माझ्या ताटात भाताचा आणखी एक डाव घालायची, आणि तो भात काही केल्या माझ्या घशाखाली उतरायचा नाही. मुलगा बारीक असला की दोष स्वयंपाकघराला लागतो. आईने ते वर्षानुवर्षं मुकाट ऐकून घेतलं.

पहिला वाटा बाजारपेठेतल्या एका औषधवाल्या काकांचा. ते न देऊन देणारे. वजन वाढवणाऱ्या गोळ्या मिळतात असं मित्रांकडून ऐकून मी त्यांच्या दुकानात गेलो. अशा नावाखाली काय काय खपतं ते आज मला माहीत आहे. कुठे भूक चाळवणारं ॲलर्जीचं औषध देतात, कुठे सरळ डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड. त्याने महिन्याभरात चेहरा गोल होतो, अंगात पाणी साठतं, काटा पुढे सरकतो आणि घरचे खूश होतात. आतून मात्र हाडं ठिसूळ होत जातात, साखर वाढते आणि ज्या स्नायूंसाठी एवढा खटाटोप केला तेच झिजतात. काकांनी एवढं सगळं सांगितलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्या गोळ्यांनी गाल फुगतले, दंड नाय. आधी डॉक्टरांकडे जा." गिऱ्हाईक परत पाठवायला दुकानदाराचा जीव मोठा असावा लागतो. माझ्या वयाच्या किती मुलांना तो दुकानदार भेटला नाही, याचा विचार आजही मनातून जात नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली, थुंकी तपासायला लावली, जंतांचं औषध दिलं, थायरॉइड आणि साखर बघून घेतली. मूळचाच शेलाटा असलेला माणूस आणि आजाराने वाळलेला माणूस वरून सारखेच दिसतात. आधी क्षय, जंत, थायरॉइड, मधुमेह यांतलं काही नाही ना हे बघायचं आणि मगच खाण्याचं बोलायचं, हा क्रम त्यांनी घालून दिला. तो मी आजही प्रत्येक बारीक मुलाला आधी सांगतो.

माझ्यात काही निघालं नाही. मग आले आबा.

आबा दांडीच्या किनाऱ्यावरच्या एका रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. वडिलांचे शाळेपासूनचे मित्र, म्हणून आमचे आबा. भरतीहून परत आलो त्या आठवड्यात त्यांनी वडिलांना सांगितलं, "झिलाक सकाळी किनाऱ्यार धाड." एवढंच. का, कशासाठी, ते बोलले नाहीत. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक घेऊन किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांना माणसं लागतात. दोन रांगा ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात, आणि ओढत मागे पोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याच्या कडेला जाऊन दोर धरतो. तासन्‌तास हे चालतं. पहिल्याच सकाळी माझ्या तळहातांची सालटी निघाली. आबा शेजारी येऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हातान ओढू नको रे, हात दमतले. पाय रोव, फाट सरळ ठेय, आणि सगळां आंग मागे टाक."

पुढे व्यायामशास्त्राची पुस्तकं वाचली तेव्हा त्यांत हेच सापडलं. शरीरातले मोठे स्नायू मांड्यांत, ढुंगणात आणि पाठीत असतात. बारीक मुलगा आरशात दंड बघतो आणि दंडाच्याच मागे लागतो. वजन वाढायचं असेल तर पाय आणि पाठ कामाला लावावी लागते. आबांना ते वाळूत उभं राहून कळलं होतं. साठीच्या पुढचा तो माणूस, दंडाने फार जाड नव्हता, पण दोर धरून मागे कलला की त्याच्या पाठीवरचे दोन पट्टे शर्टावरून दिसत.

त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. बसल्या जागीही माझा पाय हलत असायचा. उगाच उठायचं, फेऱ्या मारायच्या, काही ना काही चाळा चालू. "बसान रव रे वायच," ते म्हणायचे. 1999 साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. 16 जणांना आठ आठवडे रोज 1000 कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या. कुणाची चरबी अर्ध्या किलोनेही वाढली नाही, तर कुणाची चार किलोंवर गेली. ज्यांची वाढली नाही त्यांचं शरीर ते जास्तीचं खाणं उठबस, चुळबुळ आणि हालचाली वाढवून खर्च करत होतं. तो वाचला त्या दिवशी आमच्या घराण्याचा शेलाटेपणा मला उलगडला. आईच्या स्वयंपाकात काही कमी नव्हतं, हे तिला छापील पुराव्यानिशी सांगता आलं, याचं मला फार समाधान आहे.

रापण संपली की मला घरी जाऊ द्यायचं नाही, असा काकींचा हुकूम होता. काकी म्हणजे आबांची बायको. मागच्या पडवीत चूल, चुलीवर उकड्या तांदळाची पेज, तव्यावर नुकतेच वाट्याला आलेले बांगडे. काकींनी माझं ताट कधी भरून वाढलं नाही. अर्धी वाटी पेज, एक बांगडा, थोडी कुळथाची पिठी. मी संपवून उठलो की म्हणायच्या, "एकदम पोट भरू नको, फुगतला. वायच खा, आणि दोन तासान परत ये." आणि मी खरंच दोन तासांनी परत जायचो. तेव्हा नाचणीची आंबील असायची, नाहीतर खोबरं घातलेल्या आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, किंवा उकडलेली दोन अंडी आणि केळं. ज्याचं पोट लवकर भरतं त्याला मोठं ताट म्हणजे शिक्षा वाटते. चार वेळा खाऊन जे पोटात जातं ते दोन वेळा कोंबून जात नाही. आईचा भाताचा तो जादा डाव घशाशी का अडकायचा, ते मला काकींच्या पडवीत कळलं, आणि आईलाही तिथेच नेऊन दाखवलं. त्यानंतर आमच्या घरी ताट लहान झालं आणि वेळा वाढल्या.

काकींच्या त्या वाढण्याचा मी पुढे हिशेब मांडून बघितला. साध्या माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिन पुरतं, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचं मार्गदर्शन आहे. वजनं उचलून स्नायू वाढवणाऱ्यासाठी मात्र, 2018 साली 49 अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षाप्रमाणे, किलोमागे 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा होत राहतो. त्यापुढे खाल्लेल्याने स्नायूंत विशेष भर पडत नाही. म्हणजे 51 किलोच्या मला दिवसाला 80 ग्रॅमच्या आसपास हवं होतं. बांगड्याच्या 100 ग्रॅम मांसात ते 19-20 ग्रॅम असतं, 100 ग्रॅम कुळथात 22, एका अंड्यात 6. शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे 25. ओल्या खोबऱ्यात प्रथिन थोडं, पण 100 ग्रॅममागे साडेतीनशे कॅलरी, आणि बारीक माणसाला पोट न फुगवता कॅलरी हव्या असतात त्या नेमक्या अशा. रोजच्या खर्चापेक्षा तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त गेल्या की पुरे; हजारभर जास्त कोंबल्या तर पोटावर चरबी येते. काकींच्या पडवीत डबा नव्हता, पावडर नव्हती, तराजूही नव्हता. पावडर म्हणजे दुधाचंच सुकवलेलं प्रथिन, त्यात विष नाही. ज्याला मासळी-अंडी चालत नाहीत, वेळ मिळत नाही, त्याने खात्रीची बघून घ्यावी. पण मालवणच्या पोराने बांगडा सोडून तिच्यापायी पगार घालवावा, हे मला पटत नाही.

पावसाळा अवघड जायचा. यांत्रिक मासेमारीला बंदी, आणि त्या दिवसांत आमचा दर्या तसाही कुणाला जवळ करत नाही. रापण बंद, ताजं म्हावरं बंद, पुढे श्रावण. पहिल्या पावसात माझं वजन पुन्हा खाली आलं तेव्हा काकींनी माळ्यावरून मडकं खाली काढलं. सुका बांगडा, सुकट, सोडे. "दर्यो झोपता, आपुण जेवचां सोडूचां नाय," म्हणाल्या. सुक्या बांगड्यात पाणी उडालेलं असल्याने मूठभरात प्रथिन भरपूर, फक्त मीठ भिजवून काढावं लागतं. श्रावणात कुळीथ, वाटाणे, चवळी, दूध. त्या वर्षापासून पावसात माझं वजन कधी घसरलं नाही.

मास्तरांचा वाटा वेगळ्या जातीचा. आबांच्या दोराने अंगात दम आला, पाठ भरली, पण वर्षभरात वाढ थांबली. दोराचं ओझं रोज तेवढंच. अंगाला त्याची सवय झाली. गावातल्या व्यायामशाळेत संध्याकाळी येणारे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, फी घेत नसत. एक बाक, एक बारबेल, गंजलेल्या लोखंडी प्लेट्स, डबलबार, कोपऱ्यात मल्लखांब. भिंतीवर खाशाबा जाधवांचा फोटो. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेणारे खाशाबा 57 किलोच्या गटात खेळले होते, हे मास्तर प्रत्येक बारीक मुलाला पहिल्याच दिवशी सांगत. मग हातात शंभर पानी वही देत. "आज किती उचललंस, किती वेळा, ता लिव. वाढला तरी लिव, नाय वाढला तरी लिव."

त्यांची पद्धत ठरलेली. जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल असं वजन आधी शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. दहाच्या पुढे दोन-तीन वेळा सहज जायला लागलं की पुढच्या खेपेला एक छोटी प्लेट वाढवायची. आठवड्यातून तीनच दिवस, मधल्या दिवशी विश्रांती आणि रात्री आठ तास झोप. ताण पडलेला स्नायू वाढतो तो त्या मधल्या वेळात. बैठका, खांद्यावर बार घेऊन बैठका, जमिनीवरून बार उचलणं, बाकावर छाती, सिंगलबारला लोंबकळून हनुवटी वर. याच्या पलीकडे त्यांनी मला वर्षभर काही शिकवलं नाही. नवीन काही मागितलं की वहीकडे बोट दाखवायचे.

निम्मं, पाऊण, पूर्ण हा मंत्र त्यांचा स्वतःचा असेल असं मी समजत होतो. खूप नंतर थॉमस डिलॉर्म हे नाव वाचलं. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांचे वाळलेले पाय पुन्हा भरून यावेत म्हणून या तरुण डॉक्टराने वाढत्या वजनाचा व्यायाम लावला आणि 1945 साली त्यावर लेख लिहिला. दहा वेळांची ती तीन सेटांची रीत त्याच्याकडून आलेली. तो स्वतः पोरवयात संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळला होता आणि वजनं उचलून उभा राहिला होता. शिकागोतून ही रीत कुठल्या पुस्तकातून, कुणाच्या हातून मालवणच्या एका गंजक्या बारबेलपर्यंत पोचली, ते विचारायला मास्तर आता नाहीत.

दुसऱ्या वर्षी छाती 79च्या पुढे गेली. भरतीत मैदान पार केलं, लेखी परीक्षेत गुण कमी पडले, आणि मी टपाल खात्यात लागलो. त्याची मला खंत नाही, कारण तोवर वजनाचं कारण बदललं होतं.

वडिलांच्या पायाला शिंपला लागला आणि जखम भरेना. रक्त तपासलं तर साखर तिप्पट. घरात कुणाचा विश्वास बसेना. मधुमेह जाड्या माणसांचा आजार, आणि वडील तर आयुष्यभर सडपातळ. हात-पाय काटकुळे, पोट मात्र थोडं पुढे. त्या शरीराचा अर्थ मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामातून कळला. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारीशेजारी फोटो छापला. दोघांचा वजन-उंचीचा आकडा अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. स्वतःचं शरीर असं जगासमोर ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांना मी भेटलेलो नाही. त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भारपणापासून माणसांचा मागोवा घेतला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली साडेतीनची. आपल्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून असते, कमी पडतं ते मांस. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ओढून घेण्याचं सगळ्यात मोठं काम स्नायू करतात. ते कमी असले की बारीक माणसालाही साखर गाठते. वडिलांना तिने असंच गाठलं होतं.

ते वाचल्यावर मी वडिलांना मास्तरांकडे नेलं. साठी ओलांडलेला माणूस, हातात दोन किलोंचं डंबेल, आणि मास्तरांनी त्यांनाही वही दिली. औषधं चालूच राहिली, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पण पुढची कितीतरी वर्षं ते स्वतःच्या पायांनी बाजारात गेले. त्या वर्षांचं ऋण कुणाच्या खात्यावर मांडायचं ते मला ठरवता येत नाही. बहुधा सगळ्यांच्याच.

आबा गेले. रापणीही कमी झाल्या. पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याजवळची मासळी उपसली म्हणून इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं झगडा केला, 2016 साली सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी किनाऱ्यावर दोराला लागणारी माणसं पूर्वीइतकी मिळत नाहीत. पोरं मुंबईत, नाहीतर पर्यटकांच्या बोटींवर. ज्या जागी अंगाला काम आणि पोटाला घास एकाच सकाळी मिळायचा, ती जागा जाते आहे, याचं मला वाईट वाटतं, आणि रापणीची हाक आली की मी जातो. पन्नाशीनंतर स्नायू आपोआप उतरायला लागतात, त्यांना थोपवायला दोर आणि बारबेल दोन्ही चालू ठेवले आहेत.

काकी आहेत. ऐंशीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी अंगणात पडल्या, हाड वाचलं, पण उठताना दुसऱ्याचा हात लागायला लागला. आता सकाळी कामावर जाण्याआधी मी त्यांच्याकडे जातो. आधी अंडं, त्या एकच खातात, मी दुसरं सोलून पुढे ठेवतो. मग पडवीत भिंतीला टेकवलेली खुर्ची. हात छातीशी बांधून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. सुरुवातीला खुर्ची उंच व्हावी म्हणून तिच्यावर दोन उशा ठेवाव्या लागत. किती वेळा उठल्या ते मास्तरांच्या रीतीने वहीत लिहितो; काकींना वाचता येत नाही, तरी रोज पान उघडून दाखवायला लावतात. गणपतीनंतर एक उशी काढली. चार दिवस त्रागा केला, मग अंगवळणी पडलं. परवा बारावी उठबस झाल्यावर धापा टाकत मला म्हणाल्या, "दुसरी कधी काढतलंस?"